लोहगावचा हिशेब

विमानाचं तिकीट काढायचं झालं की आमच्या घरात सगळे मला विचारतात. आत्यानेही विचारलं, आणि माझ्यामुळे तिचं विमान चुकलं.

तिची लेक दिल्लीला, दिवस भरत आलेले. मी पुण्याहून सकाळी अकराच्या विमानाचं तिकीट काढलं. हवेतला हिशेब अगदी चोख होता. पुण्याचा लोहगाव विमानतळ ते दिल्ली सरळ अंतर साधारण 1,150 किलोमीटर. ताशी 800च्या वेगाने दीड तासात व्हायला हवं, पण वेळापत्रक दोन तासांहून जास्त सांगतं. विमान जागेवरून हललं की वेळ मोजायला सुरुवात होते; धावपट्टीपर्यंत जाणं, चढणं, दिल्लीवर उतरायची वाट पाहणं, जागेवर येऊन थांबणं, सगळं त्यात येतं. हे मी आत्याला समजावून सांगितलं. संगमनेर ते लोहगाव या जमिनीवरच्या 140 किलोमीटरना मात्र नुसता भागाकार करून तीन तास दिले.

ड्रायव्हर आदल्या दिवशी म्हणाले होते, "दादा, चारला निघू. चाकणला अडकलो तर काही खरं नाही." मी ऐकलं नाही, साडेसहाला निघालो.

चंदनापुरी घाट, आळेफाटा, नारायणगाव सुरळीत पार पडलं. चाकणच्या तळेगाव चौकात कंपन्यांच्या बस आणि कंटेनर यांच्यामध्ये गाडी अडकली ती हलेना. आत्या मांडीवरच्या डिंकाच्या लाडवांच्या डब्याची गाठ सोडायची, पुन्हा बांधायची. किती वाजले, हे तिने एकदाही विचारलं नाही. काउंटर उड्डाणाच्या तासभर आधी बंद होतो. आम्ही पोचलो तेव्हा तो बंद झाला होता.

त्याच रात्री बाळ झालं. आत्या दुसऱ्या दिवशी पोचली. त्या रात्री माझ्या आतेबहिणीला आई जवळ हवी होती, आणि ती नव्हती.

पुढे नकाशावर लोहगाव ते दिल्ली रेघ ओढून पाहिली, तेव्हा दुसरी चूक दिसली, पहिलीहून मोठी. ती रेघ जवळजवळ संगमनेरवरूनच जाते! विमान नेमकं त्या रेषेवरून जातं असं नाही, पण उत्तरेला जायचं असताना आत्याला मी आधी दक्षिणेला नेलं होतं. संगमनेरहून तळेगाव दिघ्यावरून तासाभरात काकडीचा शिर्डी विमानतळ. 2017च्या ऑक्टोबरात तो सुरू झाला. तिथून दिल्ली लोहगावपेक्षा सव्वाशे किलोमीटरनी जवळ, आणि तेव्हा तिथून दिल्लीला विमानही होतं. पण 2019च्या नोव्हेंबरात कमी दृश्यमानतेमुळे काकडीची उड्डाणं बंद पडली होती, तेच डोक्यात धरून मी तिथलं वेळापत्रक उघडलंसुद्धा नाही.

आता कोणी विचारलं तर आधी काकडी बघतो. पुण्याहूनच जायचं असेल तर किती वाजता निघायचं ते ड्रायव्हर ठरवतात.