मालकी घेण्याआधी

ती. मामांस,


सी ड्राइव्हमधलं 'डॉक्युमेंट्स अँड सेटिंग्ज' उघडत नाही, 'ॲक्सेस इज डिनाइड' एवढंच येतं. मग इंटरनेटवर मिळालेली, फाइल्सची मालकी आपल्याकडे घेणारी 'टेकओन' ही कमांड सगळ्या ड्राइव्हवर चालवून एकदाचा निकाल लावावा का, असं तुम्ही विचारलंत. माझं उत्तर आहे, नका चालवू. पण नुसत्या 'नको'वर तुमचं समाधान होणार नाही आणि होऊही नये, म्हणून कारणं सविस्तर लिहिते. विंडोज हे एकच वाक्य निरनिराळ्या कारणांसाठी दाखवतं. कुठे तो नकार अगदी योग्य असतो, कुठे तो अस्थानी असतो, आणि कुठे तर त्या फोल्डरमध्ये पाहण्यासारखं काही नसतंच. कारण न शोधता सरसकट मालकी घेणं म्हणजे साप सोडून भुई धोपटणं आहे.

तुमचंच उदाहरण घ्या. 'डॉक्युमेंट्स अँड सेटिंग्ज' हे आजच्या विंडोजमध्ये खरं फोल्डर नाहीच. त्याच्या चिन्हावर शॉर्टकटसारखा छोटा बाण दिसेल, आणि मुळात ते दिसतं आहे तेच संरक्षित सिस्टिम फाइल्स लपवण्याची खूण तुमच्याकडे काढलेली आहे म्हणून. विंडोज एक्सपीमध्ये प्रत्येकाच्या फाइल्स याच नावाखाली असत. जानेवारी २००७मध्ये व्हिस्टा बाजारात आलं तेव्हा त्या 'यूजर्स' या फोल्डरमध्ये गेल्या. पण जुन्या कित्येक प्रोग्रॅममध्ये जुना पत्ता कायमचा लिहिलेला होता. ते बंद पडू नयेत म्हणून मायक्रोसॉफ्टने जुन्या नावाचा एक दुवा ठेवला. त्याला जंक्शन म्हणतात. जुना प्रोग्रॅम ठरावीक फाइलचा पूर्ण पत्ता घेऊन आला, तर या दुव्यातून तो आपोआप 'यूजर्स'मध्ये पोचतो. मनाई आहे ती फक्त आतली यादी पाहण्याला, आणि ती सर्वांनाच आहे, ॲडमिनिस्ट्रेटरलाही. यामागचं कारण 'ॲपडेटा'मधल्या 'लोकल' फोल्डरमध्ये स्पष्ट दिसतं. तिथे 'ॲप्लिकेशन डेटा' नावाचं जंक्शन आहे आणि ते उलट 'लोकल'कडेच वळतं. त्यावरची मनाई काढली की बॅकअपचा एखादा साधा प्रोग्रॅम त्यात शिरतो, पुन्हा 'लोकल'मध्ये येतो, पुन्हा तेच जंक्शन त्याला भेटतं. पत्ता २६० अक्षरांच्या नेहमीच्या मर्यादेला टेकेपर्यंत तो त्याच फाइल्सच्या प्रतींवर प्रती काढत बसू शकतो. म्हणजे ज्या मनाईला तुम्ही बिघाड समजता आहात, तीच बिघाड टाळते आहे. तुम्हाला हवं ते सगळं 'यूजर्स'मध्ये तुमच्या नावाखाली आहे आणि ते बिनबोभाट उघडतं.

आता तुमचा मुख्य आक्षेप: पैसे मोजून घेतलेला कॉम्प्युटर माझा, ॲडमिनिस्ट्रेटर मी, मग मला अडवणारं विंडोज कोण? हा आक्षेप मी हसण्यावारी नेत नाही. वस्तू विकत घेणाऱ्याला तिच्या आत डोकावता आलं पाहिजे, असं मलाही मनापासून वाटतं. पण इथे 'मी' कोण, ते नीट पाहायला हवं. विंडोजला तुमची बोटं दिसत नाहीत; तुमच्या नावाने चालणारा प्रोग्रॅम तेवढा दिसतो. विंडोज ९५ आणि ९८ ज्या फॅट पद्धतीच्या डिस्कवर चालत, तिच्यात कुणाला काय उघडता येईल याची नोंद ठेवायची सोयच नव्हती. २००१मध्ये एक्सपीबरोबर ती सोय घरोघरी आली, पण सेटअपमध्ये तयार होणारी खाती सरसकट ॲडमिनिस्ट्रेटर असत. परिणामी ईमेलमधून आलेली एखादी फाइल घरातल्या कुणी उघडली, की तिच्यातल्या व्हायरसलाही ॲडमिनिस्ट्रेटरचेच सगळे अधिकार मिळत. व्हिस्टाने दोन गोष्टी बदलल्या. ॲडमिनिस्ट्रेटरचे प्रोग्रॅमही साध्या अधिकारांवर चालू लागले आणि वरचे अधिकार हवे असले की आधी संमती विचारली जाऊ लागली. शिवाय विंडोजच्या स्वतःच्या बहुतेक फाइल्सची मालकी 'ट्रस्टेडइन्स्टॉलर' नावाच्या सेवेकडे गेली; ॲडमिनिस्ट्रेटरला त्या वाचता येतात, चालवता येतात, बदलता मात्र येत नाहीत. ॲपलनेही २०१५च्या एल कॅपिटनपासून सिस्टिमची फोल्डर रूट या सर्वोच्च खात्यालाही बंद केली. दोन्ही कंपन्यांना एकाच अनुभवाने हे शिकवलं आहे. आणि तुमचा हक्क गेलेला नाही: मालकी घेण्याचा अधिकार ॲडमिनिस्ट्रेटरला आजही आहे, म्हणून तर ती कमांड चालते. तो वापरायची इच्छा तुमची आहे की तुमच्या आडून दुसऱ्या कुणाची, एवढंच विंडोज विचारतं.

'पुष्कळ जण ती कमांड चालवतात, त्यांचं काही बिघडत नाही,' हेही तुम्ही म्हणाल. त्या दिवशी बिघडत नाही, हे खरं. पण परवानग्या विस्कटल्याचा परिणाम बहुधा नंतर दिसतो. एखादं अपडेट अडतं, किंवा 'विंडोजॲप्स' फोल्डरची मालकी बदललेली असली तर स्टोअरमधून घेतलेली ॲप्स उघडेनाशी होतात, आणि तोवर त्या कमांडशी त्याचा संबंध कुणाच्या लक्षातही येत नाही. परतीची वाट तर फारच अरुंद आहे. 'आयकॅकल्स' या कमांडने परवानग्यांची आधी नोंद करून ठेवता येते, पण तिच्यात मालक कोण होता हे उतरत नाही. त्याच कमांडचा 'रीसेट' वापरला तर प्रत्येक फाइलला वरच्या फोल्डरच्या परवानग्या लागू होतात. सिस्टिम फोल्डरमध्ये जिथे फाइलीफाइलीला वेगळी परवानगी दिलेली असते, तिथे गोंधळ उलट वाढतो. 'एसएफसी स्कॅननाऊ' ही कमांड बिघडलेल्या सिस्टिम फाइल्स बदलून देते, पण बदललेल्या सगळ्या परवानग्या पूर्ववत होतील याचा भरवसा तिच्यावर ठेवता येत नाही. शेवटी बहुधा विंडोज नव्याने टाकावं लागतं.

डिस्क भरली म्हणून अशी बंद फोल्डर रिकामी करायची असतील, तर मालकी न घेताही ते होतं. 'सिस्टिम व्हॉल्यूम इन्फर्मेशन'मध्ये रीस्टोअर पॉइंट असतात; त्यांना किती जागा द्यायची ते सिस्टिम प्रोटेक्शनमध्ये ठरवता येतं. मागच्या विंडोजचं 'विंडोज डॉट ओल्ड' स्टोरेजच्या सेटिंगमधून काढा. 'विनएसएक्सएस' दिसतं तेवढं मोठं नसतंच, कारण त्यातल्या पुष्कळ फाइल्स आणि विंडोजच्या इतर फोल्डरमधल्या फाइल्स डिस्कवर एकच असतात आणि एक्सप्लोरर त्या दोनदा मोजतो.

तुमच्या एका तक्रारीशी मात्र मी पूर्ण सहमत आहे. एवढं सगळं जाणून घेतल्यावरच ज्याचा अर्थ लागतो, असं तीन शब्दांचं वाक्य कोट्यवधी लोकांच्या तोंडावर फेकणं बरोबर नाही. 'हा जुन्या नावाचा दुवा आहे, तुमच्या फाइल्स यूजर्समध्ये आहेत' असं लिहायला मायक्रोसॉफ्टला काही अवघड नव्हतं. तसं लिहिलं असतं तर मालकी घेण्याच्या या तयार कमांडी एवढ्या पसरल्याच नसत्या. तुमच्या 'डॉक्युमेंट्स'मध्ये एखाद्या प्रोग्रॅमला फाइल सेव्ह करता येत नाही, तेव्हाही अशीच दिशाभूल होते. तिथे परवानग्या ठीक असूनही, २०१७मध्ये विंडोज १०मध्ये आलेलं आणि रॅन्समवेअरपासून वाचवणारं 'कंट्रोल्ड फोल्डर ॲक्सेस' कुणीतरी सुरू केलेलं असू शकतं. विंडोज सिक्युरिटीत जाऊन त्या एका प्रोग्रॅमला मुभा दिली की काम होतं.

मालकी घेणं योग्य ठरतं ते नव्या कॉम्प्युटरला जोडलेल्या, तुमच्या जुन्या कॉम्प्युटरच्या डिस्कबाबत. परवानग्या नावावर नसतात, खात्याच्या लांबलचक ओळख क्रमांकावर असतात. जुन्या विंडोजमधलं तुमचं खातं आणि नव्यातलं खातं एकाच नावाचं असलं तरी क्रमांक वेगळे. म्हणून सिक्युरिटीच्या यादीत 'अकाउंट अननोन' आणि पुढे एस-१-५-२१ने सुरू होणारी आकड्यांची रांग दिसते. इथला नकार अस्थानी आहे, कारण फाइल्स तुमच्या आहेत. त्या डिस्कवरच्या तुमच्या फोल्डरवर दोनदा क्लिक करा, 'कंटिन्यू' विचारलं तर होकार द्या. विंडोज तुमचं नाव त्या यादीत कायमचं घालील. तेवढ्याने भागलं नाही तर ॲडव्हान्स्डमध्ये जाऊन फक्त तुमच्या नावाच्या फोल्डरची मालकी घ्या, पूर्ण डिस्कची नको. मग फोटो आणि कागदपत्रं नव्या कॉम्प्युटरवर कॉपी करा. कॉपी झालेल्या फाइल्सना नव्या जागेच्याच परवानग्या लागतात. एवढं मात्र पाहा, की एखाद्या फाइलवर छोटं कुलूप किंवा तिचं नाव हिरव्या अक्षरांत तर नाही ना. तसं असेल तर ती एन्क्रिप्ट केलेली आहे आणि मालकी घेऊनही उघडणार नाही. त्यासाठी जुन्या विंडोजमधलं सर्टिफिकेट खासगी किल्लीसकट एक्स्पोर्ट केलेलं लागतं, आणि ते जुनं विंडोज चालू असतानाच करता येतं. तेव्हा ती डिस्क फॉरमॅट करण्याची घाई करू नका. कुलूप दिसलं तर कोणत्या फोल्डरवर दिसलं ते कळवा, पुढचं मी लिहून पाठवते.

मामींना नमस्कार.

तुमची भाची