यजमानपदाचे फळ

२०३० सालच्या राष्ट्रकुल क्रीडास्पर्धांचे यजमानपद अहमदाबादला मिळाले आहे. २०३६च्या ऑलिंपिकची आकांक्षाही आता उघड बोलली जाते. अशा स्पर्धांमुळे देशाच्या अर्थव्यवस्थेला चालना मिळते, हे विधान त्या अनुषंगाने सिद्ध सूत्रासारखे वापरले जाते. आम्ही दोघे रायगडच्या किनाऱ्यावर मराठी शिकवतो. अर्थशास्त्र आमचा विषय नव्हे. मात्र 'यजमान' या शब्दापाशी आम्ही थबकलो. यजमान म्हणजे मुळात यज्ञ करवून घेणारा आणि त्याचा खर्च सोसणारा. ऋत्विजांना दक्षिणा लगोलग मिळते. यजमानाला फळ मिळायचे ते मागाहून. कर्म आणि फळ यांना जोडणाऱ्या अदृश्य शक्तीला मीमांसकांनी 'अपूर्व' असे नाव दिले. क्रीडास्पर्धांच्या भाषेत तिलाच 'वारसा' म्हणतात, इतकेच.

या अपूर्वाचा अनुभव कसा आहे? १९७६च्या ऑलिंपिकचे कर्ज मॉन्ट्रियलने २००६ पर्यंत फेडले. अथेन्समधील २००४ची अनेक क्रीडासंकुले पुढे ओसाड पडली. उलट १९८४ साली लॉस एंजेलिसला वीस कोटी डॉलरहून अधिक शिल्लक उरली, कारण तिथे बहुतांश मैदाने आधीचीच वापरली गेली.

असेच काहीसे आमच्या शेजारी, नेरुळला घडले. २ नोव्हेंबर २०२५ रोजी भारताच्या मुलींनी क्रिकेटचा विश्वचषक जिंकला तो डी. वाय. पाटील स्टेडियमवर. हे मैदान २००८ पासून उभे होते. बंगळुरूचे सामने इकडे हलवले गेले तेव्हा नवे काही बांधावे लागले नाही. आमच्या काही विद्यार्थिनी उरणच्या लोकलने सामन्याला गेल्या. ती लोकलही सामन्यासाठी नव्हे, रोजच्या माणसांसाठी आलेली. या मुलींनी तिकिटावर आणि खाण्यापिण्यावर खर्च केला खरा. पण तो पैसा एरवी उरणच्याच बाजारात गेला असता. एका खिशातला पैसा दुसऱ्या खिशात गेल्याने घर श्रीमंत होत नाही.

वरसोलीच्या किंवा चौलच्या दत्ताच्या जत्रेतही पैसा फिरतो. तिथला मिठाईवाला आपले दुकान पाठीवर घेऊन येतो, जत्रा संपली की पुढच्या गावाला जातो. दरवर्षी येणार म्हणून त्याचा धंदा टिकतो. एकदाच भरणाऱ्या जत्रेसाठी कुणी दगडी मंडप बांधत नाही.

हा प्रश्न आम्हांला केवळ शाब्दिक वाटत नाही. नव्या शहरासाठी या परिसरातल्या शेतजमिनी आणि मिठागरे घेतली गेली. १९८४च्या जानेवारीत मोबदल्यासाठी झालेल्या आंदोलनात पाच जण गोळीबारात मरण पावले. त्यांची नातवंडे आज आमच्या वर्गांत बसतात. 'विकासासाठी' हे चतुर्थीचे पद कुणाच्या खर्चाने सिद्ध होते, हे त्यांना व्याकरणातून शिकवावे लागत नाही.

त्या रात्रीचा आनंद मात्र खराच होता. तो पाहून किनाऱ्यावरची एखादी मुलगी हातात बॅट घेईल. हे फळ कोणत्याही ताळेबंदात मावणारे नव्हे. अशा आनंदासाठी समाजाने जरूर खर्च करावा, पण तो आनंदाचा खर्च म्हणूनच मांडावा. त्याला गुंतवणूक म्हटले की हिशेब मागण्याचा अधिकार आपसूक उद्यावर ढकलला जातो, आणि दक्षिणा घेऊन ऋत्विज केव्हाच निघून गेलेले असतात.