नर्मदेच्या वाळूतील खानेसुमारी

जबलपूरला गेलेला प्रवासी भेडाघाटचे संगमरवरी कडे आणि धुवाँधारचा प्रपात पाहिल्यावाचून सहसा परतत नाही. वाचकहो, आपणही ते अवश्य पाहावे. परंतु एक सकाळ लमेटा घाटासाठी राखून ठेवावी. या घाटावरून ज्यांना नाव मिळाले, त्या खडकांत डायनोसॉरची हाडे आहेत आणि गोड्या पाण्यातील शंखशिंपल्यांचे अवशेषही आहेत. हाडांची कथा सर्वांना ठाऊक असते. शिंपल्यांकडे मात्र फारसे कोणी वळून पाहत नाही.

नर्मदेच्या वाळूमिश्रित गाळात आजही शिंपले अर्धे रुतून बसलेले असतात. पाणी आत ओढून त्यातील सूक्ष्म अन्नकण ते टिपतात आणि पाणी नितळ करून सोडतात. यांचीच एक जात, लॅमेलिडेन्स, गोड्या पाण्यातील मोत्यांच्या शेतीला उपयोगी पडते. भुवनेश्वरच्या केंद्रीय संस्थेत या शेतीवर १९८७ पासून संशोधन होत आले आहे. मोती तळ्यात पिकतो. पण त्यासाठी लागणारा शिंपला बहुधा नदीनाल्यांतून उपसून आणलेला असतो. मग किती उपसावेत? हे मोजल्यावाचून कसे ठरणार?

मोजण्याची रीत साधी, पण कष्टाची आहे. ठरावीक मापाची चौकट तळाशी ठेवावयाची, तिच्या आतला गाळ उकरून चाळावयाचा, जिवंत शिंपले मोजावयाचे आणि प्रत्येकाची लांबी टिपावयाची. रिकाम्या शिंपा वेगळ्या नोंदवाव्या लागतात, कारण पुराने त्या कोठून वाहून आणल्या, कोण सांगणार? (शिंपल्याला डोके नसतेच, तेव्हा ही ‘शिरगणती’ म्हणता येत नाही!)

नुसत्या संख्येवर मात्र विसंबू नये. मोठे शिंपले विपुल आणि बोटाच्या पेराएवढी पिल्ले एकही नाहीत, अशी नोंद झाली तर ते घर म्हाताऱ्यांचे झाले असे समजावे. शिंपल्याचे बाळ काही दिवस माशाच्या कल्ल्याला वा पराला चिकटून वाढते. मासा नाही, तर शिंपलाही नाही! जबलपूरच्या वरच्या अंगाला बर्गीचे धरण आहे. धरणाने माशांची वाट अडते आणि सोडलेल्या पाण्याबरोबर तळाची वाळूही हलते. म्हणून येथे मासे आणि शिंपले एकत्रच पाहावयास हवेत. भारतीय प्राणी सर्वेक्षणाचे केंद्र जबलपुरात १९६० पासून आहे, ही या शहराची मोठीच सोय होय.

मोजणीचे फळ पाहावयाचे तर केरळातील अष्टमुडी सरोवराकडे जावे. आपल्या कोकणातल्या तिसऱ्यांसारखेच शिंपले तेथे काढले जातात. अभ्यासावरून प्रजननकाळ ठरला. डिसेंबर ते फेब्रुवारी त्यांना हात लावावयाचा नाही, असा नियम झाला आणि तो कोळ्यांनी मानला. २०१४ साली त्या मासेमारीला टिकाऊपणाचे आंतरराष्ट्रीय प्रमाणपत्र लाभले. भारतातील ते पहिलेच.

लमेटा घाटावर मुलांच्या हाती जिवंत शिंपला लागला, तर तो पिशवीत टाकू देऊ नका. जेथून उचलला तेथेच, वर असलेली कड वरच राहील असा, वाळूत अर्धा रोवून ठेवा.