शाईतला तांब्या

कावेरी आणि कपिला (म्हणजेच कबिनी) यांच्या संगमावरील टी. नरसीपूरसारख्या गावात घरोघरी आढळणारा पितळी तांब्या रोज पेनाने रेखाटू लागले, की नित्याच्या वापरात नजरेआड झालेले त्याचे घाट नव्याने उमगतात. शाई खोडता येत नसल्याने गळा कुठे आवळतो, काठ किती बाहेर वळतो, हे रेघ ओढण्याआधीच पारखावे लागते. पोटाची गोलाई मग क्रॉस-हॅचिंगने, म्हणजे एकमेकींना छेदणाऱ्या बारीक रेघांच्या जाळीने, उठवता येते. चार्ल्स आणि रे ईम्स या अमेरिकी रचनाकार दांपत्याने १९५८च्या भारतविषयक अहवालात याच लोट्याची मनापासून वाखाणणी केली, आणि ती सर्वथा रास्त होती, कारण धरणे, ओतणे, घासणे या साऱ्यांचा विचार त्या आकारात मुरला आहे. रेखाटायला मात्र तांब्यापेक्षा विळीच्या पात्याचा बाक अधिक कठीण. तो एका दमातच ओढावा लागतो.