छाती ते मनगट

हृदयगती मोजणारा पट्टा छातीवर, घड्याळ मनगटावर. मध्ये जेमतेम हातभर अंतर. एवढ्याशा अंतरात काय बिघडणार, असं या कामात नव्याने येणाऱ्या बहुतेकांना वाटतं. रेडिओचं मॉड्यूल तयार मिळतं, बोटाच्या पेराएवढं. त्याला सेल द्यायचा, सेन्सर जोडायचा, फर्मवेअर भरायचं. टेबलावर ते चालतंही झटकन. पट्टा ठेवून शेजारच्या खोलीत जा, तरी आकडे येत राहतात. पुढे तोच पट्टा धावपटूच्या अंगावर चढतो आणि तक्रार येते, "दादा, घरी मस्त चालतो हो, ग्राउंडवर आलं की आकडा हलतच नाही."

ही तक्रार शब्दशः खरी असते. ब्लूटूथ काय किंवा अँट-प्लस काय, दोन्ही 2.4 गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात बोलतात. या लहरी पाण्यात जिरतात आणि आपलं शरीर निम्म्याहून जास्त पाणीच आहे. छातीवरून निघालेला संदेश धडातून आरपार पाठीकडे जवळजवळ पोचतच नाही. खोलीत हे लक्षात येत नाही, कारण तिथे लहरी भिंतींवर, छतावर, लोखंडी कपाटावर आपटून वळसा घालून येतात. मोकळ्या मैदानावर भिंतच नाही. फोन पाठीमागच्या खिशात असेल, तर लहरींना अंगाच्या कडेकडेने सरपटत जावं लागतं आणि वाटेत त्या क्षीण होतात. म्हणून पट्टा पास की नापास, हे मी मैदानावरच ठरवतो. धावणारा माणूस, मागच्या खिशात फोन आणि आजूबाजूला काहीही नाही.

डेटाशीटमधले आकडे मोकळ्या हवेतले असतात. आमच्या धंद्यात मोकळी हवा नसतेच. अँटेनापासून काही मिलिमीटरवर घामेजलेली त्वचा असते आणि तिच्या नुसत्या जवळिकीने अँटेनाचा सूर खाली उतरतो. तेव्हा खेळाडूचं शरीर हा सर्किटचाच एक भाग मानून कामाला बसावं लागतं. मॉड्यूलच्या टोकाला नागमोडी तांब्याची रेघ किंवा सिरॅमिकचा इवलासा तुकडा असतो, तो अँटेना. त्याच्याखाली आणि बाजूला तांबं नको, धातू नको. पण डबीचं डिझाइन करणाऱ्याला नेमकी तीच रिकामी जागा खुणावते: सेलची पत्ती इथे बसेल, पट्ट्याचं धातूचं प्रेस-बटण इथे येईल! त्या कोपऱ्यासाठी मी दर वेळी भांडतो. एकदा साचा तयार झाला की ती जागा परत मिळत नाही. अँटेना जुळवतानाही डबी बंद करून, मिठाच्या पाण्याने भरलेल्या प्लास्टिकच्या भांड्याला टेकवून मोजमाप घेतो आणि मगच अँटेनाच्या पायथ्याचे कपॅसिटर-इंडक्टर ठरवतो. त्वचा आणि अँटेना यांच्यात दोन-तीन मिलिमीटर जास्त मिळाले, तर जे साधतं ते रेडिओची ताकद वाढवून साधत नाही. ताकद वाढवली की सेल मात्र आधी मरतो.

सेलचं थोडक्यात सांगतो. सीआर 2032 म्हणजे 3 व्होल्ट, सुमारे 220 मिलिअँपिअर-तास. पॅकेट पाठवण्याच्या क्षणी रेडिओ एकदम जास्त करंट ओढतो, जुना सेल तेवढ्यात दबतो आणि चिप रीसेट होते. शेजारी पुरेसा मोठा कपॅसिटर हवाच.

त्वचेशी दुसरी गाठ पडते ती इलेक्ट्रोडपाशी. छातीवर मिळणारा हृदयाचा विद्युत्-संकेत साधारण एक मिलिव्होल्टचा. पुण्यात डिसेंबर-जानेवारीच्या पहाटे हवा कोरडी, अंग कोरडं आणि वर पॉलिस्टरची जर्सी. कापड अंगावर घासून स्थिर वीज तयार होते आणि वॉर्मअपमध्येच दोनशेच्या वर ठोके दिसू लागतात. घाम आला की सगळं सुरळीत. पट्टा नळाखाली ओला करून बांधा, हे मी प्रत्येकाला सांगतो. पण फर्मवेअरचंही कर्तव्य असतं. ब्लूटूथच्या हृदयगतीच्या प्रमाणित संदेशात, पट्टा त्वचेला टेकलाय की नाही हे कळवायला खास बिट ठेवलेले आहेत. ते वापरावेत. जागा रिकामी दिसली तर ग्राहक कुरकुरतो, म्हणून शेवटचा आकडाच दाखवत राहा, असा आग्रह होतो. तो मी कधीच मानत नाही. त्या आकड्यावर विसंबून कोच पोराला आणखी एक फेरी मारायला लावतो किंवा थांबवतो.

पोहणाऱ्यांसाठी तर 2.4 गिगाहर्ट्झ पाण्याखाली निरुपयोगीच. फिनलंडच्या पोलार कंपनीने 1982 साली बिनतारी हृदयगती-मापक बाजारात आणला, ब्लूटूथ लो एनर्जी यायच्या कितीतरी आधी. पुढे वर्षानुवर्षं त्यांचे पट्टे 5 किलोहर्ट्झच्या आसपासच्या चुंबकीय क्षेत्रावर चालले. पल्ला फार तर मीटरभर, पण ते पाण्यातून सहज जातं. त्यांच्या एच 10 पट्ट्यात ब्लूटूथ आणि अँट-प्लसच्या जोडीला हे जुनं तंत्र अजून आहे. सध्या मीही तशीच एक कॉइल बसवू पाहतो आहे. तिला जागा हवी ती नेमकी अँटेनाच्या कोपऱ्याला लागून, आणि तिथे एवढं तांबं आणलं की अँटेना बिघडते. डबी चार मिलिमीटरने लांबवायची की कॉइल पट्ट्यातच शिवून घ्यायची, यावर शिवणकाम बघणाऱ्या ताईंशी चर्चा चालू आहे.