चांदणी चौकापासून दहा मिनिटे

आम्ही दोघांनी २०१९ साली भूगावला घर घेतले. त्या वेळी दलालाने दिलेला रंगीत कागद अजून पेटीत आहे. 'चांदणी चौकापासून दहा मिनिटे. चोवीस तास पाणी. शाळा, दवाखाना, बाजार हाकेच्या अंतरावर.' वाचकहो, दहा मिनिटे खरी आहेत, पण पहाटे चारला!

त्याआधी कोथरूडच्या वस्तीत दहा बाय दहाच्या खोलीत आम्ही पाच जण होतो. थोरली अभ्यासाला बसली की दिव्याने आईची झोप मोडायची. भाड्याने घर पाहिले, तर आडनाव ऐकून 'कळवतो' म्हणणारे तीन मालक भेटले. एकानेही कळवले नाही. मग ठरवले, विकतच घ्यायचे.

पहिल्यांदा आम्ही गुंठ्याला भुललो. एक गुंठा म्हणजे १०८९ चौरस फूट. आमच्यासाठी तो राजवाडाच. "नोटरी करू, ग्रामपंचायतीचा नमुना ८ तुमच्या नावावर होईल, काळजी सोडा," असे सांगून दलालाने दहा हजार विसार घेतला. कंपनीतल्या एका जाणत्या कामगाराने विचारले, "सातबारा पाहिला का?" पाहिला, तर त्यावर अकरा नावे, आणि जमीन बिगरशेती झालेलीच नव्हती. नमुना ८ ही घरपट्टीची नोंद. तिने मालकी मिळत नाही, हे आम्हाला तेव्हा कळले. विसार बुडाला. चार दिवस घरात कोणी कोणाशी धड बोलले नाही.

शेवटी एका जुन्या इमारतीत एक खोली आणि स्वयंपाकघर नोंदणीकृत खरेदीखताने घेतले. पीएफ, भिशी आणि डोरले, सगळे त्यात गेले. संडास घरातला! आई पहिल्या दिवशी त्याचे दार तीनदा उघडून पाहून आली.

आता सोयींचे. शाळा खरोखर जवळ आहे. सरकारी रुग्णालय मात्र घाटापलीकडे पौडला. २०२१ साली सूस, म्हाळुंगे, बावधन बुद्रुक पुणे महापालिकेत गेली, भूगाव ग्रामपंचायतीतच राहिले. चांदणी चौकातला जुना पूल २ ऑक्टोबर २०२२ च्या पहाटे पाडला, नवा १२ ऑगस्ट २०२३ ला सुरू झाला. चौक सुटला, तरी गर्दीच्या वेळी गावातला रस्ता तुंबतोच.

पाण्याचे तर विचारू नका. उन्हाळ्यात वर्गणी काढून टँकर. आमच्याच तालुक्यात मुळशी धरण आहे. त्यासाठी जमिनी जाऊ लागल्या, तेव्हा १९२१ साली सेनापती बापटांच्या पुढारपणाखाली मावळ्यांनी सत्याग्रह केला होता. धरणाचे पाणी सह्याद्री उतरून रायगड जिल्ह्यात भिऱ्याच्या वीजघरात जाते. आणि आम्ही बादल्या घेऊन टँकरची वाट पाहतो.

थोरली आता कॉलेजला जाते. परतायला रात्रीचे नऊ होतात. थांब्यापासून इमारतीपर्यंत अंधार. गल्लीतल्या बायका मिळून ग्रामसभेत गेल्या, दिव्यांचा अर्ज दिला. दोन खांब आले. एक पेटतो. दुसऱ्याखाली आम्ही दोघांपैकी एक जण रोज बॅटरी घेऊन उभा असतो. पुढची ग्रामसभा लागली की पुन्हा जायचे ठरले आहे.