हेवी शिकायचंय? आधी तास मोजा

आगर, ता. डहाणू

प्रिय दोस्ता,

तुझा लांबलचक व्हॉइस मेसेज ऐकला. निम्मा वेळ तू कॅनडातल्या ब्रॅम्प्टनच्या थंडीला शिव्या घातल्यास, उरलेला वेळ चिकूची चौकशी केलीस आणि मुद्द्यावर आलास अगदी शेवटी. तलासरीचा पुतण्या बारावी झालाय, त्याला ट्रकच चालवायचाय, वहिनींना ते पसंत नाही, भाऊ म्हणतो शिकू दे, आणि तुला माझ्याकडून हवंय एका ड्रायव्हिंग स्कूलचं नाव.

नाव मी देणार नाही. आज चांगली असलेली शाळा मास्तर सोडून गेला की सहा महिन्यांत बिघडते. शाळा पारखायची कशी, ते मात्र सांगतो. घरच्या गाडीसाठी उतारवयात मी हेवी, म्हणजे जड गाडी, शिकलो तेव्हा या भागातल्या बऱ्याच शाळांचे उंबरे झिजवलेत. मेसेजवर न बोलता मुद्दाम पत्र लिहितोय, म्हणजे ते तुला भावाकडे पाठवता येईल आणि वहिनींनाही वाचता येईल.

आधी वयाचं बघू. पोरगा आत्ता अठराचा. अठराला कारचं लायसन मिळतं, पण मालाची गाडी, मग तो छोटा हत्ती का असेना, वीस पूर्ण झाल्याशिवाय रस्त्यावर चालवायची नाही. १९८८ च्या मोटार वाहन कायद्यात तसं स्पष्ट आहे. शिवाय हलक्या गाडीचं पक्कं लायसन मिळून वर्ष झाल्याशिवाय हेवीचं कच्चं लायसन निघत नाही. म्हणजे आज कोणी त्याला "दोन महिन्यांत हेवी हातात देतो" म्हणत असेल, तर तो माणूस पहिल्याच वाक्यात नापास झाला. पूर्वी आठवी पासची अट होती, ती २०१९ मध्ये काढून टाकली. त्यामुळे शाळा अर्धवट सुटलेल्या आपल्याकडच्या कितीतरी पोरांना दार उघडलं. तुझ्या पुतण्याला तो प्रश्नच नाही.

मधल्या काळात त्याने कारचं लायसन काढावं आणि हात बसवावा. विसाव्या वर्षानंतर वर्षभर पिकअप चालवावी. त्याला हेवी लायसन लागत नाही. मालासकट ७,५०० किलोच्या आतली मालगाडी कारच्याच लायसनवर चालवता येते, हे सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाने ६ नोव्हेंबर २०२४ ला कायमचं स्पष्ट केलंय. चिकूच्या पेट्या भरून पहाटे घोलवड ते डहाणू स्टेशन अशा खेपा मारल्या, की माल लादल्यावर गाडी थांबायला किती जास्त अंतर घेते हे पायाला आपोआप कळतं. ते कळलेला पोरगा दहा टायरीवर बसला तर मास्तरचं निम्मं काम झालेलं असतं.

आता हेवीत शिकायचं काय, ते ऐक. वहिनींना वाटतं तसं ते "मोठं स्टिअरिंग फिरवणं" नाही. माझे मास्तर सुरुवातीचे दिवस गाडी चालूच करू देत नव्हते. हातात लोखंडी टॉमी द्यायचे आणि प्रत्येक टायर ठोकायला लावायचे. मागच्या जोडटायरांमधला आतला टायर बसलेला असला तरी नुसत्या नजरेला कळत नाही, बाहेरचा त्याला झाकून घेतो. आवाज मात्र खोटं बोलत नाही. भरलेला ठणकतो, बसलेला भद्द वाजतो. मग दोन टायरांच्या फटीत अडकलेला दगड काढायचा, कारण वेगात तो सुटला की मागच्याची काच फुटते. मग खाली वाकून हवेच्या टाक्यांचे कॉक उघडून आत जमलेलं पाणी सोडायचं. शेवटी इंजिन चालू करायचं आणि हवेचा काटा वर चढून बझर बंद होईपर्यंत स्वस्थ बसायचं. हेवी गाडीचा ब्रेक हवेवर चालतो. हवा कमी असली तर ब्रेक धड लागत नाही, आणि फारच उतरली तर मागची चाकं जाम होऊन गाडी भर रस्त्यात बसते. हे सगळं झाल्याशिवाय गिअरला हात लावला की मास्तर खाली उतरवायचे.

वळण शिकवायची त्यांची पद्धत तर मी विसरणार नाही. मोकळ्या मैदानात कोपऱ्यावर एक रिकामा तेलाचा डबा ठेवायचे आणि गाडी डावीकडे घ्यायला सांगायचे. पुढची चाकं वळली म्हणजे गाडी वळली, असं नसतं. मागची चाकं आतून कापत येतात आणि नेमका तो भाग डाव्या आरशात नीट दिसत नाही. डबा चेपला गेला की मास्तर शांतपणे म्हणायचे, "सायकलवाला गेला. उतर, बघून ये." खाली उतरून चेपलेला डबा हातात घेतला, की पुढच्या वेळी गाडी आपोआप आधी उजवीकडे घेतली जायची. नरपड-चिखल्याचा रस्ता आठव. दोन्हीकडे वाड्यांची कुंपणं, मधून शाळेची पोरं. तिथे हे वळण जमलं नाही तर लायसनचा कागद काय कामाचा?

तिसरी गोष्ट उताराची. जव्हारहून कासाकडे घाट उतरायला लागलं की पुष्कळ ड्रायव्हर डिझेल वाचवायला गाडी न्यूट्रल करतात. इंजिनची पकड सुटते, सगळा भार ब्रेकवर येतो, ब्रेक तापतात आणि मग लागतच नाहीत. ज्या गिअरमध्ये चढलास, त्याच गिअरमध्ये उतर, हा जुन्या ड्रायव्हरांचा कायदा. शाळेत तो शिकवतात की नाही, हे विचारायलाच हवं.

म्हणजे आलो शाळेवर. १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांत शाळेने काय करायचं ते लिहिलेलं आहे, पण शिकायला जाणारा ते कधी वाचत नाही. हेवी शिकवणाऱ्या शाळेचा अभ्यासक्रम किमान ३० दिवसांचा हवा आणि त्यात प्रत्यक्ष गाडी चालवण्याचे किमान १५ तास हवेत. गाडीला मास्तरच्या पायाशी दुसरा ब्रेक-क्लच हवा. गाडीवर शाळेचं नाव आणि पत्ता ठळक रंगवलेला हवा. शाळेचा परवाना फॉर्म ११ मध्ये असतो, तो बघायला मागायचा. शिकणाऱ्यांची नोंद फॉर्म १४ च्या रजिस्टरात आणि कोणी किती तास गाडी चालवली याची नोंद फॉर्म १५ मध्ये ठेवायची असते. शिक्षण पुरं झालं की शाळा फॉर्म ५ चा दाखला देते. हेवीच्या पक्क्या लायसनच्या अर्जाला तो लागतोच, आणि डॉक्टरचा फॉर्म १अ सुद्धा.

सगळी गोम त्या फॉर्म ५ मध्ये आहे. शाळा खरं तर तास विकते, पण पुष्कळ ठिकाणी गिऱ्हाईक दाखला विकत घ्यायला येतं. मग दोघांचंही भागतं. "ट्रायलच्या दिवशी या, बाकी आम्ही बघतो" हे मी माझ्या कानांनी ऐकलंय. केबिनमध्ये पाच-सहा पोरं कोंबतात, एकेकाला स्टिअरिंगवर बसवून गल्लीचं टोक दाखवतात आणि बाकीचे मागे बसून मोबाईल बघतात. केबिनमध्ये बसलेला तास हा चालवलेला तास नव्हे. म्हणून भावाने विचारायचं ते असं: गाडी तुमची स्वतःची की भाड्याने आणता? एका वेळी केबिनमध्ये किती मुलं? लादलेल्या गाडीवर शिकवता की फक्त रिकाम्या? हायवेवर नेता का? रात्री आणि पावसात एकदा तरी चालवायला देता का? मास्तरांनी स्वतः किती वर्षं लाइनवर गाडी मारलीय? ट्रायलला हीच गाडी मिळणार का? आणि फीची पावती देता का? यातल्या दोन-तीन प्रश्नांवरच माणूस चिडला, तर समजायचं.

तुमच्या ऑन्टॅरिओत १ जुलै २०१७ पासून ए क्लासच्या, म्हणजे ट्रेलरच्या, परीक्षेआधी किमान १०३.५ तासांचं शिक्षण सक्तीचं आहे. आपले १५ तास त्यापुढे किती तोकडे आहेत बघ. आणि ६ एप्रिल २०१८ चा सॅस्कॅचेवानमधला अपघात तूच मला तेव्हा कळवला होतास. नवखा ट्रकचालक ‘थांबा’ लिहिलेल्या पाटीवर थांबला नाही आणि हॉकी खेळणाऱ्या पोरांच्या बसमधली १६ माणसं गेली. त्या प्रांताने तासांची सक्ती केली ती त्यानंतर, २०१९ मध्ये. एवढे तास असूनही तिकडे तासांवर डल्ला मारणाऱ्या शाळा आहेतच, असंही तू म्हणतोस. तेव्हा नुसत्या नियमाने भागत नाही, शिकणाऱ्याला वही धरून बसावं लागतं.

आपल्याकडेही एक बरी वाट निघालीय. १ जुलै २०२१ पासून मान्यताप्राप्त चालक प्रशिक्षण केंद्रांचे नियम लागू झाले. त्यांना मैदानी भागात किमान दोन एकर जागा, स्वतःचा ट्रॅक आणि सिम्युलेटर लागतो. हेवीसाठी सहा आठवड्यांत ३८ तासांचा अभ्यासक्रम असतो आणि तिथे पास झालेल्याला आरटीओत पुन्हा गाडी चालवून दाखवावी लागत नाही. पुण्यात नाशिक फाट्याजवळ आयडीटीआर ही चालक प्रशिक्षण संस्था आहे, तिथला ट्रॅक एकदा बघून यायला हरकत नाही. राहण्याखाण्याचा खर्च वाढेल, हे खरं. पण तू डॉलरमध्ये कमावतोस, पुतण्यासाठी तेवढं कर. शाळा जवळची असो की लांबची, कागदपत्रांसाठी एमएच ४८ च्या विरार कार्यालयाची वारी करून कितीतरी लोक वैतागतात, म्हणून अर्ज परिवहन खात्याच्या सारथी पोर्टलवर स्वतः भरायला शिकव त्याला. नाहीतर एजंटाची सवय तिथूनच लागते.

वहिनींची काळजी मात्र हसण्यावारी नेऊ नकोस. २०२५ पर्यंत लागू असलेला १९६१ चा मोटार वाहतूक कामगार कायदा दिवसाला आठ तास म्हणायचा, आणि हायवेवरच्या ढाब्यावर डोळे लाल झालेला ड्रायव्हर चहा पिऊन पुन्हा चढताना रोज दिसतो. चारोटीचं नाव ४ सप्टेंबर २०२२ ला सूर्या नदीच्या पुलावर उद्योगपती सायरस मिस्त्री अपघातात गेले तेव्हा जगाला कळलं, आपल्याला तो रस्ता आधीपासून ठाऊक आहे. धडक देऊन पळणाऱ्याला दहा वर्षांपर्यंतची शिक्षा ठेवणाऱ्या कलमाविरुद्ध जानेवारी २०२४ मध्ये ड्रायव्हरांनी चक्का जाम केला. ते कलम अजून लागू केलेलं नाही. पण जखमीला दवाखान्यात पोचवणं आणि २४ तासांत पोलिसांना कळवणं हे ड्रायव्हरचं कर्तव्य जुन्या मोटार वाहन कायद्यातही आहेच. जमाव चालून आला तर काय करायचं, प्रथमोपचार कसा द्यायचा, हेही शाळेने शिकवायला हवं. अभ्यासक्रमात प्रथमोपचार आहे, वर्गात मात्र तो बहुधा गाळतात.

तरीही मी पोराच्या बाजूने आहे. १९९१ मध्ये आपला तालुका पर्यावरणदृष्ट्या नाजूक ठरला, तेव्हापासून नवे कारखाने फारसे आले नाहीत. पोरं बोईसर-तारापूरला नाहीतर वापीला जातात. आता वाढवणला बंदर येतंय. ३० ऑगस्ट २०२४ ला भूमिपूजन झालं, खर्च सुमारे ७६ हजार कोटी. मच्छीमारांचा विरोध मावळलेला नाही आणि त्यांचं म्हणणं चूक आहे असं मला वाटत नाही. पण बंदरापासून हायवेवरच्या तवा गावापर्यंत ३२ किलोमीटरचा रस्ता होणार, म्हणजे कंटेनरचे ट्रेलर आपल्या दारावरून जाणारच. त्यांच्या स्टिअरिंगवर कोण बसणार? जवाहरलाल नेहरू बंदर प्राधिकरणाने (जेएनपीए) स्थानिकांना बंदरासाठी कौशल्यं शिकवण्याचं जाहीर केलंय. त्यात हेवीचं खरं, तास मोजून दिलेलं शिक्षण आहे का, हे ग्रामसभांनी आत्ताच विचारलं पाहिजे. आणि बोईसरच्या रसायनांचे टँकर चालवायचे असतील, तर त्यासाठी वेगळं तीन दिवसांचं प्रशिक्षण लागतं, हेही पोराच्या कानावर घाल. ते करणारे कमी असतात, म्हणून मागणी असते.

आणि एक, तू पुतण्याचंच विचारलंस. पुतणीचं काय? ती पोरगी ट्रॅक्टर मागे घेते तशी सफाईने गावातले बाप्येसुद्धा घेत नाहीत. नंदुरबारला वाढलेल्या, वकिलीची पदवी घेतलेल्या योगिता रघुवंशी देशभर ट्रक घेऊन हिंडल्या. एसटीने २०१९ मध्ये यवतमाळच्या आदिवासी मुलींना बस शिकवायला घेतलं. विचार भावाला.

थोडक्यात सांगायचं तर वीस पूर्ण होऊ देत, वर्षभर पिकअप मारू दे, मग हेवी. फी भरायच्या आधी भावाने शाळेत जाऊन फॉर्म १५ चं रजिस्टर बघायला मागावं आणि केबिनमध्ये एक दिवस बसून यावं. रजिस्टर दाखवायला जो कां-कू करेल, त्याच्याकडून लायसन फुकट मिळत असलं तरी घेऊ नये.

काकू बऱ्या आहेत, तुझी आठवण काढतात. तुला पाठवायच्या चिकूच्या पेटीचं तिकडच्या कस्टमवाल्यांना विचारून कळव.

तुझा,
आगरचा शेजारी